चढावरची गाडी सुटताना पाहावी

रात्री साडेनऊ-दहाच्या सुमाराला आमच्या ओसरीवर एक गोष्ट होतेच होते. जेवणं आटोपलेली असतात, बाबा खाटेवर आडवे झालेले असतात, आणि नरखेडकडून मालगाडी निघते. आमचं गाव रुळापासून दोन किलोमीटर आत आहे, मधे संत्र्याचे बगीचे. तरी रात्री आवाज येतो. बाबा उठून बसतात, मान एका अंगाला करतात आणि सांगतात, "भरेल हाय." थोड्या वेळानं दुसरी गेली की, "खाली हाय." दारावर कोणी हाक मारली तर त्यांना ऐकू येत नाही, मोबाइल वाजलेला कळत नाही, पण गाडी भरलेली की रिकामी हे अजून चुकत नाही. वय वर्षं ७८.

बाबा रेल्वेत चावीवाले होते. १९७२ साली, दुष्काळाच्या वर्षी गँगमन म्हणून लागले, पुढे चावीवाले झाले आणि निवृत्त होईपर्यंत तिगावच्या घाटात रोज रूळ पाहत चालले. मी एकुलती एक. लग्न होऊन नरखेड तालुक्यात आले, इथल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आई गेल्यावर बाबांना इकडे घेऊन आले. ते आले, पण कान तिकडेच राहिले.

घाट म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर कसारा नाहीतर खंडाळा येतो. ते बरोबरच आहे, थळ आणि भोर घाटातला ३७ मीटरला एक मीटर असा चढ म्हणजे रेल्वेच्या दुनियेत फारच कडक. पण आमच्या बाजूला, विदर्भाच्या उंबऱ्यावर, एक घाट आहे आणि त्याच्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही. नागपूरहून दिल्लीकडे निघालेली गाडी काटोल, नरखेड, पांढुर्णा करत येते. तोवर जमीन बरीचशी सपाट, काळी, संत्र्याची आणि कपाशीची. मग तिगाव येतं आणि समोर सातपुडा उभा राहतो. तिगाव ते चिचोंडा हा तो घाट. नागपूर समुद्रसपाटीपासून ३१० मीटरवर आहे, पांढुर्णा पावणेपाचशेच्या जवळपास, आणि घाट चढून पुढे जे मुलताई लागतं ते साडेसातशे मीटरवर. तापी तिथं उगम पावते आणि पश्चिमेला जाते. आमची वर्धा नदीसुद्धा त्याच मुलताईच्या पठाराकडून निघते, पण ती आमच्याकडे उतरते आणि शेवटी गोदावरीच्या पाण्यातून बंगालच्या उपसागराला मिळते. दोन नद्या दोन समुद्रांकडे जिथून उतरतात, तिथं मालगाडीला चढून जायचं असतं.

सरकारी नकाशात तिगाव मध्य प्रदेशात आहे, पांढुर्णा जिल्ह्यात. हा जिल्हा २०२३ साली छिंदवाड्यातून वेगळा झाला. पण घराघरात बोलतात ती आमचीच बोली, पोळा तोच, कुरड्या त्याच, सोयरिकी इकडच्या तिकडे. माझं लहानपण तिथल्या क्वार्टरात गेलं.

कुरड्यांवरून आठवलं. तेव्हा विजेची इंजिनं नव्हती. डिझेलची यायची, २६०० अश्वशक्तीची डब्ल्यूडीएम-२. सपाटीवर ती इंजिनं भल्या माणसासारखी चालायची. घाटाच्या तोंडाशी ड्रायव्हरनं जोर लावला की डोक्यातून काळाभोर धूर उसळायचा, सरळ वर न जाता वाऱ्यानं आमच्या क्वार्टरांवर वळायचा. आई उन्हाळ्यात खाटेवर धोतर अंथरून कुरड्या घालायची, आणि गाडी सुटायची वेळ झाली की मला हाक मारायची, "धावत जा वं, झाक!" मी दुसरं धोतर घेऊन धावायची. कितीही धावलं तरी पाच-दहा कुरड्यांवर काजळी बसायचीच. १९९० च्या आसपास या मार्गावर वीज आली. लोक वेगाबद्दल बोलत होते, नव्या इंजिनांबद्दल बोलत होते. आई म्हणाली, आता कुरड्या पांढऱ्या राहतील.

मी तिथं वाढले म्हणून मला मालगाडी आवडते हे खरं, पण तेवढंच कारण नाही. मला ती कशी पाहायची ते बाबांनी शिकवलं. आणि ते शिक्षण बंडीपासून सुरू झालं.

बाबांच्या मोठ्या भावाकडे बैलजोडी होती. कापसाच्या दिवसांत वावरातून बंडी भरून आणायची, आणि गावाजवळच्या नाल्यातून वर येताना एक चढ लागायचा. उन्हाळ्यात सोपा, ओलीत वैऱ्यासारखा. त्या चढावर मोठ्या बाबांचा एकच नियम होता: बैलांना थांबू द्यायचं नाही. चालती बंडी कशीही वर जाते, पण एकदा का चढावर उभी राहिली की तेच ओझं दुप्पट होतं. उभी राहिलीच तर आधी कोणीतरी धावून चाकामागं धोंडा लावायचा, म्हणजे ती मागं येणार नाही. बैलांना दम खाऊ द्यायचा. मग दोघं-तिघं मागून खांदा लावणार, एक जण धोंड्याजवळ बसणार, आणि मोठे बाबा कासऱ्याला हलकासा झटका देऊन तोंडानं एक आवाज काढणार. चाबूक नाही. बंडी बोटभर हलली की आम्हा पोरांना वाटायचं झालं. ते म्हणायचे, झालं नाही, आता एक पूर्ण आटा चाक फिरू दे, मग झालं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी त्याच बैलांची खांदशेकणी व्हायची. कोमट पाण्यानं खांदे शेकायचे, हळद-लोणी चोळायचं. जू वर्षभर जिथं घासतं ती जागा दगडासारखी टणक झालेली असते, हाताला कळते. मोठे बाबा चोळत चोळत बैलाच्या कानाशी म्हणायचे, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." पोळ्याच्या दिवशी बैल सजतात, मिरवतात, मखर-झेंडे असतात, सगळं गाव पाहायला येतं. मला मात्र आदला दिवस जास्त आवडायचा. त्यात मिरवणं नव्हतं. ज्या जागेनं ओढलं तिला लोणी लावायचं, एवढंच.

तर मालगाडी. भरलेली कोळशाची गाडी तिगावला येते तेव्हा पुढं इंजिन असतंच, बहुतेक दोन. तिथं तिच्या मागं आणखी इंजिन लागतं. रेल्वेचे लोक त्याला बँकर म्हणतात. गार्डच्या डब्यामागं लागतं आणि ढकलत ढकलत घाट पार करवतं. (गार्डला २०२२ पासून ट्रेन मॅनेजर म्हणायचं ठरलं आहे, पण बाबा गार्डच म्हणतात आणि मीही तेच लिहिते.) वर पोचवलं की सुटतं आणि एकटंच खाली येतं, पुढच्या गाडीसाठी.

माझ्या पोरीनं, ती आता दहावीत आहे, मला एकदा विचारलं की इंजिनं एवढी ताकदवान, तर मागून ढकलायची काय गरज. मी तिला म्हटलं, वही आण. कोळशाचा उघडा डबा, ज्याला बॉक्सएन म्हणतात, तो रिकामाच बावीस-साडेबावीस टनांचा. भरला की ऐंशीच्या वर. असे ५८ डबे. पोरीनं गुणाकार केला, पावणेपाच हजार टन निघाले. आमच्या बगीच्यातून संत्रा जातो त्या दहा टनी ट्रकांचे पावणेपाचशे ट्रक, एकामागं एक बांधलेले. आता चढ. हिशेबाला सोपा म्हणून शंभर मीटरला एक मीटर धरला. म्हणजे ओझ्याचा शंभरावा भाग सतत मागं खेचत असतो, सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस टन. चाकांचं घर्षण आणि वळणांचा अडथळा त्याच्यावर वेगळा.

आणि इंजिन? डब्ल्यूएजी-७ घ्या, ५००० अश्वशक्तीचं, वजन १२३ टन, सहा आसांचं. ताकद भरपूर आहे. पण ती ताकद रुळाला पोचते ती लोखंडाचं चाक लोखंडी रुळावर जिथं टेकतं तिथून, आणि ती जागा प्रत्येक चाकाखाली अंगठ्याच्या नखापेक्षा फार मोठी नसते. रूळ कोरडा असला तर वजनाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी पकड मिळते, म्हणजे चाळीस टन. ओला असला तर पाचव्या हिश्शावर येते, पंचवीस टन. त्याहून जास्त जोर लावला की चाक जागच्या जागी फिरतं आणि गाडी तिथंच. पोरगी वहीकडे पाहत राहिली. "म्हणजे इंजिन थकत नाही, पाय घसरते," ती म्हणाली. अगदी तेच. म्हणून जास्त पाय लागतात. आणि सगळी इंजिनं पुढंच लावून भागत नाही, कारण मग पहिल्या डब्याच्या जोडणीवर सगळ्या गाडीचा ताण येतो आणि ती तुटायची भीती. काही जोर मागून लावला की तो ताण वाटला जातो.

यातली एक गोष्ट बाबांनी मला लहानपणी दाखवली होती आणि ती मी कुठं वाचलेली नाही. पुढची इंजिनं ओढतात, मागचं ढकलतं. म्हणजे पुढच्या डब्यांच्या जोडण्या ताणलेल्या असतात, मागच्या डब्यांच्या दबलेल्या. मग मधे कुठंतरी एक जोडणी अशी असणार की तिच्यावर ना ताण, ना दाब. बाबा गाडीला वाट देऊन बाजूला उभे राहिले की तीच शोधायचे. आवाजावरून कळते म्हणायचे. ताणलेली जोडणी किरकिरते, दबलेली गप्प असते, आणि ती मधली सैल असते, टक-टक वाजते, जागा बदलते. पुढच्यानं जोर वाढवला की मागं सरकते, मागच्यानं वाढवला की पुढं. "थे डब्बे दोघायच्या मधात असते," बाबा म्हणायचे, "त्यायले कोनी ओढत नाई, कोनी ढकलत नाई, पन चढून जाते." सात-आठ वर्षांची मी ऐकत उभी राहायची. आज शाळेत विज्ञान शिकवताना बलांचा समतोल आला की माझ्या डोळ्यांपुढं तो टक-टक वाजणारा डबा येतो.

चावीवाल्याचं काम काय ते थोडं सांगायलाच हवं, कारण गाडीकडे सगळे पाहतात, रुळाकडे कोणी पाहत नाही. सहा-सात किलोमीटरचा टप्पा रोज पायी. खांद्यावर हातोडा आणि पाना, कमरेला लाल-हिरवा झेंडा, पिशवीत फटाके. फटाके म्हणजे रुळावर लावायचे, पुढं धोका असला तर इंजिनाचं चाक त्यावरून गेलं की धडाका होतो आणि ड्रायव्हर गाडी थांबवतो. पूर्वी बिडाच्या स्लीपरांना खरोखरच चाव्या असायच्या, लोखंडी पाचरी, त्या रुळाला धरून ठेवायच्या. गाड्यांच्या हादऱ्यानं सैल व्हायच्या आणि चावीवाला त्या ठोकत ठोकत जायचा. नंतर सिमेंटचे स्लीपर आले, चाव्या गेल्या, वळलेल्या सळीच्या क्लिपा आल्या. नाव मात्र चावीवालाच राहिलं.

घाटात हे काम दुपटीनं. वळणावर बाहेरचा रूळ झिजतो, त्याच्या कडेला ग्रीस लागतं. पावसाळ्यात दरडीचा धोंडा येऊन पडतो, म्हणून रात्रीची गस्त. आणि सगळ्यात नवलाची गोष्ट, रूळ चालतात. इंजिन स्वतःला पुढं नेतं म्हणजे चाकानं रुळाला मागं ढकलतं. उतारावर येणाऱ्या गाड्या ब्रेक मारतात, त्याही रुळाला खालीच ओढतात. दिवसातून कितीतरी गाड्या, वर्षानुवर्षं. रूळ मिलिमीटर-मिलिमीटरनं घाट उतरायला लागतो. कडेला खुंट्या रोवलेल्या असतात, त्यांच्याशी ताडून पाहायचं किती सरकला, आणि जास्त सरकला तर गँगनं ओढून पुन्हा जागी आणायचा. गाड्या वर चढतात, रूळ खाली उतरतो, आणि माणसं तो परत वर नेतात. बाबांनी आयुष्यभर हे काम केलं आणि मला याचा फार अभिमान आहे. मी तो कधी त्यांच्यासमोर नीट बोलून दाखवला नाही, म्हणून इथं लिहून ठेवते.

आता मागच्या पोळ्याची गोष्ट, ज्यासाठी हे लिहायला बसले.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बाबा सकाळीच म्हणाले, "तिगावले जाऊ." शाळेला सुट्टी घेतली, पोरीला सोबत घेतलं, आणि पॅसेंजरनं निघालो. पांढुर्ण्याला डब्यात गर्दी चढली, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिथं गोटमार असते, दगडफेकीची जत्रा, तिकडच्या पाहुण्यांची आतापासून लगबग. तिगावला उतरलो तेव्हा पाऊस नव्हता, नुसतं भुरभुर. हा पाऊस बाबांना आवडत नाही. धो धो पाऊस रूळ धुऊन काढतो, पण भुरभुरीनं रुळावरची धूळ, तेल, गंज यांचा चिकट लेप होतो आणि चाक त्यावर तेलावर आल्यासारखं घसरतं. सागाची पानं पडायच्या दिवसांतही तसंच.

बाबांच्या ओळखीच्या एकाचं वावर घाटाच्या सुरवातीला आहे. त्याच्या बांधावर एक मोह आहे, रुळापासून चांगलं दीडशे पावलं दूर आणि जरा उंचावर. तिथून वळण दिसतं, सिग्नल दिसतो. आम्ही तिथं बसलो. तुरीत पाणी साचलं होतं. पोरीनं चिवडा काढला.

कोळशाची गाडी आली. पुढं दोन इंजिनं. वेग मुळातच कमी, सायकलवाला सोबत जाईल एवढा. इंजिनांच्या पंख्यांचा घोंघाट आधी आला, मग जमीन जड वाटायला लागली, मग डबे. एकसारखे तपकिरी डबे, वरून ओला काळा कोळसा, वळणावर लांबच लांब. पोरगी मोजायला लागली. ती एकतिसाव्या डब्यावर होती तेव्हा गाडी आणखी हळू झाली, आणि थांबली. समोर सिग्नल लाल होता.

"थांबाले नको होती," बाबा एवढंच म्हणाले. उठून उभे राहिले, मोहाला हात टेकला.

पाऊण तास गाडी उभी होती. आधी मला वाटलं कंटाळा येईल. पण उभ्या गाडीतही किती काय चालू असतं. डब्यांच्या खालून कुठूनतरी हवेची बारीक सुसकारी. ब्रेकचा हिशेब उलटा असतो: सगळ्या गाडीभर एक नळी, तिच्यात हवेचा दाब पाच किलोचा, आणि तो दाब कमी केला की ब्रेक लागतात. नळी फुटली, डबा सुटला, तरी दाब जातो आणि गाडी आपोआप थांबते. उलट सुटायचं असेल तर इंजिनानं पहिल्या डब्यापासून शेवटच्यापर्यंत पुन्हा हवा भरायची. अर्धा किलोमीटरच्या वर लांब नळी. पुढच्या डब्यांचे ब्रेक आधी सुटतात, मागच्यांचे उशिरा. आणि चढावर ब्रेक सुटला की गाडी काय करेल? मागं यायला पाहील.

"मंग बाबा, धोंडा कोन लावते?" मी विचारलं. माझ्या तोंडून आपोआप तिकडचीच बोली आली.

त्यांनी मागं, वळणापलीकडे बोट दाखवलं. बँकर आम्हाला दिसत नव्हता. "थोच धोंडा. न् थोच खांदा."

सिग्नल बदलला. पुढच्या इंजिनाचा भोंगा झाला. थोड्या वेळानं मागून, खूप लांबून, त्याला उत्तर आलं. पोरगी चिवड्याची पिशवी हातात तशीच धरून उभी राहिली. पंख्यांचा आवाज चढला. पहिल्या इंजिनाखालून रेती पडताना दिसली, चाकाच्या पुढं, रुळावर, पीठ चाळावं तशी. याच कामासाठी इंजिनात रेतीची पेटी असते. गाडी हलली नाही. आवाज आणखी चढला, आणि एकदम घर्रर्र करून एक उंच सूर निघाला, दात शिवशिवतील असा. चाकं घसरली. ड्रायव्हरनं जोर सोडला. सगळ्या गाडीतून एक खडखडाट मागं मागं गेला, आणि वळणापलीकडे कुठंतरी थबकला. बँकरनं झेललं.

बाबांचा हात मोहाच्या सालीवर घट्ट झाला होता. मी त्यांच्याकडे पाहिलं तर ते गाडीकडे पाहतच नव्हते. मान एका अंगाला, डोळे मिटलेले.

"आता मागच्यानं आधी लावला पाह्यजे," ते म्हणाले.

दुसऱ्यांदा तसंच झालं. म्हणजे मला तसं ऐकू आलं. आधी मागून काहीतरी आलं, आवाज म्हणण्याइतका तो आवाज नव्हता, डबे एकमेकांना टेकत पुढं येतात तसा एक दबका ठोका, एक, दोन, पाच, दहा. मग पुढचे पंखे चढले. रेती. आणि मग काहीच झालं नाही. खूप वेळ काहीच झालं नाही, दोन्ही टोकांनी जोर लागलेला आणि पावणेपाच हजार टन जागच्या जागी. मी लहानपणी नाल्याच्या चढावर मोठ्या बाबांच्या मागं उभी असायची तेव्हा असाच श्वास धरायची. आमच्या समोरच्या डब्यावर खडूनं काहीतरी लिहिलेलं होतं. मी त्या अक्षरांवर नजर ठेवली. त्यांच्या मागं, दोन डब्यांच्या फटीतून, पलीकडचं एक पळसाचं झाड दिसत होतं. ते झाड फटीत सरकलं. बोटभर.

"चालली!" पोरगी ओरडली.

"थांब," बाबा म्हणाले. डोळे अजून मिटलेलेच. "एक आटा फिरू दे."

झाड फटीच्या मधोमध आलं. मग दुसऱ्या कडेला गेलं. मग डब्याच्या आड गेलं. बाबांनी डोळे उघडले आणि खाली बसले. "आता गेली."

मग ती गेली. अठ्ठावन्नाव्या डब्यापर्यंत आम्ही मोजलं, गार्डचा डबा गेला, दारात उभ्या गार्डनं आमच्याकडे पाहून हात केला, आणि शेवटी बँकर आला, डब्ल्यूएजी-७, अंगावर धूळ आणि पावसाचे ओघळ. समोर गार्डच्या डब्याची पाठ, त्याच्यापुढं पाचशे-सहाशे मीटर कोळसा. त्याच्या ड्रायव्हरला सिग्नल दिसत नाही, वळणापलीकडचं काही दिसत नाही. पुढच्याचा भोंगा, वॉकीटॉकीवरचा शब्द आणि हातातला दांडा, एवढ्यावर तो ढकलत जातो.

धावती गाडी सुंदर दिसते हे मीही मानते. माझ्या सासूबाईंचं माहेर अकोटचं, त्या मेळघाटातल्या धूळघाटाची लहान गाडी अजून सांगतात, डोंगरात पूर्ण गोल फिरून आपल्याच रुळावरून पुलानं जायची ती. २०१७ पासून तो मार्ग बंद आहे. तसलं काही पाहायला मिळणं भाग्याचंच. पण मला कोणी विचारलं की घाटात काय पाहायचं, तर मी सांगेन, उभी राहिलेली भरलेली गाडी सुटताना पाहा. ते बोटभर हलणं पाहा. वेळ काढून बसा, रुळापासून दूर बसा, आणि इंजिनाकडे न पाहता दोन डब्यांच्या मधल्या फटीतून पलीकडच्या एखाद्या झाडाकडे पाहा.

हल्ली बिहारात मधेपुऱ्याला बनलेली डब्ल्यूएजी-१२ इंजिनं धावतात, १२००० अश्वशक्तीची, दोन इंजिनं जोडून केलेली. २०२० पासून सुरू झाली. नरखेडला बाबांनी पहिल्यांदा एक पाहिलं तेव्हा त्याच्या चाकांकडे पाहत राहिले, मग विचारलं, "असे आले तं बँकर कायले लागन?" मला उत्तर देता आलं नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात आमच्या भागातली संत्री घेऊन किसान रेल दिल्लीच्या आदर्श नगरला गेली होती, याच वाटेनं. तेव्हा बगीचेवाले दिल्लीच्या भावाबद्दल बोलत होते आणि बाबा घाटाबद्दल.

संध्याकाळी आम्ही परत तिगावच्या फलाटावर आलो. आमच्या गाडीला तास होता. बाजूच्या रुळावर एक बँकर येऊन उभा राहिला, घाट उतरून आलेला. सकाळचाच असेल की दुसरा, धुळीवरून तरी तोच वाटला. पंखे बंद झाले, कुठूनतरी पाणी ठिबकत होतं, मोटारींच्या बाजूनं गरम तेलाचा वास येत होता. गावातून बैलांच्या घागऱ्यांचा आवाज आला. घराघरात खांदशेकणी सुरू झाली असणार. मोठे बाबा जाऊन बरीच वर्षं झाली, त्यांची जोडी त्यांच्याही आधी विकली गेली, आता तिथं ट्रॅक्टर आहे.

बाबा बाकावरून उठले आणि फलाटाच्या कडेपासून दोन पावलं आत थांबले. इंजिनाच्या पुढच्या बाजूला, डब्याला टेकतो तो भाग असतो ना, लोखंडी, घासून घासून चकचकीत झालेला, तिकडे पाहत होते. पोरगी त्यांना बोलवायला गेली आणि मधेच थांबली. मी तिच्या मागं होते म्हणून मला ऐकू आलं.

"आज आवतन घ्या," ते हळूच म्हणत होते, "उद्या जेवाले या."